सायमाच्या गाडीच्या नव्या स्की

बेंट क्रीक, मॉन्टाना
२४ नोव्हेंबर १९९६

सायमाताई,

तुझं पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आलं आणि मी उत्तर लिहितोय आज. आधी पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर पाकीट नव्हतं, असं काहीबाही सांगता येईल, पण तू ते वाचून नाक मुरडशील. खरं हे की तुझ्या पत्राच्या शेवटी एकच ओळ होती, 'यंदा तळ्याच्या बर्फावर वाट दाखवायची झाडं लावायला येतोयस का?' आणि तिचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून पत्र जाकिटाच्या खिशात घालून हिंडत राहिलो. त्यावर आता मोहरीच्या चटणीचा डाग आहे आणि मागच्या बाजूला एका माणसाचा पत्ता. तो माणूस कोण, ते मलाही आठवत नाही.

मी नाही येत. इथे मला एका स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावरच्या गाड्यांच्या, दुकानात काम मिळालंय. मालकाचं नाव डेल प्रुइट. माणूस बरा आहे, फक्त दिवसभर एकच गाणं शिट्टीवर वाजवतो आणि तेही अर्धंच. झाडं शेजारचा रॅल्फ लावेलच की. बाबा गेल्यावर गेल्या साली त्यानंच लावली होती. बाबांसारखी ओळंब्यात नसतील, पण दिसतात ना, झालं.

दुकानात एक तीन पायांचं कुत्रं आहे, त्याच्याबद्दल सांगणार होतो, पण आधी तुझा प्रश्न. तू लिहिलंस की तुझी गाडी तळ्यावर सरळ चालत नाही, जुन्या चरात शिरते आणि हँडल हातातून ओढून घेते. ताई, त्यात तुझा दोष नाही. तुझ्या स्की, म्हणजे गाडीच्या पुढच्या घसरपट्ट्या, बाबांच्या वेळच्या, लोखंडी आणि अरुंद. तळाला एकच पट्टी. बर्फावरून शंभर गाड्या गेल्या की चर पडतात आणि ती एकटी पट्टी नेमकी त्यात जाऊन बसते. मग गाडी तुझं ऐकत नाही, चराचं ऐकते. आठवड्यातून तीन दिवस टपाल घेऊन तळं ओलांडायचं आणि प्रत्येक वेळी गाडीशी कुस्ती खेळायची, त्यात खांदे दुखणारच.

आता सगळे प्लास्टिकच्या स्की बसवतात. पण त्यातही बघून घ्यावं लागतं. इथे डोंगरात परातीएवढ्या रुंद स्की लावतात, कारण बर्फ कमरेएवढा भुसभुशीत असतो. तुला त्या नकोत. तुझ्या तळ्यावर बर्फ कडक, वाट दाबलेली. तुला मध्यम रुंदीच्या हव्यात आणि तळाला शेजारी शेजारी दोन पट्ट्या, कार्बाइडच्या कठीण कडा असलेल्या. दोन पट्ट्या चराच्या दोन्ही बाजूंना टेकतात. चर खाली राहतो, गाडी वरून जाते.

तशी एक जोडी मी तुला पाठवलीय. नाताळची भेट समज. बसवायला मधला बोल्ट काढ, रबराचा ठोकळा नवा घाल, बोल्ट परत आवळ. टपाल कचेरीतल्या मार्लिसच्या नवऱ्याला हात लावू देऊ नकोस. तो सगळं हातोडीनं करतो.

तुझा
आर्वो

कुत्र्याचं राहिलंच. पुढच्या वेळी.

—

टॅमरॅक लँडिंग, मिनेसोटा
९ डिसेंबर १९९६

आर्वो,

सात आठवड्यांनी उत्तर, आणि त्यात कुत्रंसुद्धा अर्धवट. तू अजून तसाच आहेस, बरं वाटलं.

स्की पोचल्या. टपाल कचेरीत खोकं उघडलं तेव्हा मार्लिस म्हणाली, "हे काय, तुझ्या भावानं लाल बोटी पाठवल्या का?" रंग जरा भडकच आहे. पण बसवल्या. मीच, हातोडीशिवाय.

तळं एक तारखेला गोठलं. मी पहारीनं ठोकत ठोकत चालत गेले. किनाऱ्याजवळ पाच इंच, मध्यावर चार, आणि नरड्यापाशी पहार एका घावात खाली गेली. ते नेहमीचंच. दोन बेटांमधून पाण्याचा प्रवाह जातो तिथे बर्फ कधी नीट धरतच नाही, तुला वेगळं सांगायला नको. मी नरड्याला लांब वळसा घालून साल्मेला बेटावर जाते. इम्पी साल्मेलानं कॉफी केली, वेलदोड्याचा पाव कापला. तिचा नवरा तोयवो आता खुर्चीतच असतो. त्याच्या हृदयाच्या गोळ्या टपालानं येतात, त्यामुळे इम्पी माझ्याकडे आधी बघत नाही, पिशवीकडे बघते. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, "तो डोंगरात आहे." तर म्हणते, "का, तळं कमी पडलं का त्याला?"

गाडीचं सांगते. ती चरात शिरत नाही हे खरं. पण हँडल जड झालंय आणि सपाट बर्फावर नाक इकडेतिकडे हलवते, दारू प्यायल्यासारखी. काय चुकलं?

झाडांची काळजी करू नकोस. लावलीत.

सायमा

—

बेंट क्रीक
२० डिसेंबर १९९६

ताई,

बघ, अकरा दिवसांत उत्तर. त्यातले पाच टपालानेच खाल्ले असतील.

नाक हलतंय याचा अर्थ दोन्ही स्की सरळ रेषेत नाहीत, बहुधा पुढून आत वळल्यात. नव्या स्की बसवल्या की हे करावंच लागतं, आणि मी गाढव, लिहायला विसरलो. आता नीट वाच. हँडल सरळ करून दोरीनं बांधून टाक. मग मागच्या फिरत्या रबरी पट्ट्याच्या बाजूला एक लांब दोरी लाव आणि ताणून पार स्कीच्या टोकापर्यंत आण. मार्लिसला गाडीवर बसव, कारण वजन असताना मापं बदलतात. (तिला सांग की वजनाचं नाव मी काढलं नाही.) पट्ट्यापासून स्कीच्या टाचेपर्यंतचं अंतर आणि टोकापर्यंतचं अंतर मोज. दोन्ही स्कीची टोकं जराशी बाहेर हवीत, पाव इंचापेक्षा कमी. करंगळीच्या नखाएवढी म्हण. आत मुळीच नकोत. आतला लांब दांडा फिरवून ते जमतं. एका बाजूचं एकट्याचं करू नकोस, दोन्हीकडे सारखं.

हँडल जड आहे ते रबरामुळे. ठोकळ्याच्या मागच्या अंगाला पातळ पत्र्याची चकती सरकव, म्हणजे स्कीची टाच जरा दाबली जाईल आणि नाक हलकं होईल. तरीही जड वाटलं तर पट्ट्यांची पुढची धार जरा घासून बोथट कर. एकदम नको, चार-चार हात मारून चालवून बघ.

बाबांची आठवण आली हे लिहिताना. त्यांच्या लोखंडी स्की! सगळं गाव हसायचं. रॅल्फनं नव्या आणून दिल्या होत्या, तर बाबांनी त्यांचं कोंबड्यांना वर जायला फळकूट केलं. कोंबड्या त्यावरून घसरायच्या. मी आणि तू सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीच्या, पायरीवर बसून हसत होतो, आठवतंय? हट्टी माणूस. का हट्ट, ते कधी सांगितलं नाही.

यंदा किती झाडं लावली रॅल्फनं? बाबा चाळीस लावायचे.

तीन पायांच्या कुत्र्याला इथे सगळे 'तिपाई' म्हणतात. बाकीचं पुढे, डेल हाक मारतोय.

आर्वो

—

टॅमरॅक लँडिंग
८ जानेवारी १९९७

आर्वो,

तुला मानलं. दोरी लावली, मार्लिसला बसवलं (ती म्हणाली, "माझं वजन किती धरलंय त्यानं?"), मोजलं, तर दोन्ही टोकं आत होती, अर्ध्या इंचाहून जास्त. दांडे फिरवले, चकत्या घातल्या. आणि काय सांगू! दुसऱ्या दिवशी तळ्यावर गाडी अशी गेली की मी एका हातानं चालवत होते. चर आहेत की नाहीत, खालून कळतच नाही. साल्मेला बेटापर्यंत मला चाळीस मिनिटं लागायची, आता पंचवीस. रात्री खांदा दुखत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. तू शाळेत काही शिकला नसशील, पण हे शिकलास.

जुन्या स्की तोयवोला देऊन टाकल्या. तो खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची इम्पीसाठी लाकडं ओढायची घसरगाडी करतोय. हाताला काम मिळालं म्हणून खूश आहे.

आता एक सांगते, ओरडू नकोस. झाडं अकरा आहेत. रॅल्फ नोव्हेंबरात जिन्यावरून पडला, खुबा मोडला. त्याच्या जावयानं येऊन नरड्याच्या अलीकडेपर्यंत लावली आणि गेला. तिथून पुढे वळसा सुरू होतो तो दीड मैल मोकळाच आहे. मला काय, डोळे आहेत. इतकी वर्षं जातेय. दुसऱ्या कुणाला सांगायचं, तर किनाऱ्यावर सगळे साठीच्या पुढचे. आणि मी एकटीनं पहारीनं भोकं पाडून झाडं रोवत बसले तर टपाल कोण नेणार?

गेल्या शुक्रवारी हलकं हिम पडत होतं. मी मजेत चालले होते, आणि पुढे बर्फाचा रंग बदललेला दिसला. राखेसारखा. थांबले. वळसा उजवीकडे शंभर पावलांवर राहिला होता, मी नरड्याकडे निघाले होते. उतरून हळूच मागे घेतली गाडी. बूट भिजला, एवढंच. घरी येऊन हसू आलं. सहा वर्षांत कधी वाट चुकले नव्हते, आणि गाडी सरळ चालायला लागल्यावर चुकले.

हिवाळा यंदा कोमट आहे. नाताळात छतावरून पाणी ठिबकत होतं.

सायमा

—

बेंट क्रीक
१७ जानेवारी १९९७

ताई,

तुझं पत्र आज दुपारी आलं आणि मी लगेच बसलोय. यात कुत्रं नाही, काही नाही. नीट वाच.

तू हसलीस ते मला आवडलं नाही. गेल्या रविवारी इथे काय झालं ते ऐक. डेल आणि मी वरच्या कुरणातून एक बंद पडलेली गाडी आणायला गेलो होतो. ती चालू करून परतताना वारा सुटला आणि पांढरा अंधार झाला. तुला माहीत आहे कसा. वर पांढरं, खाली पांढरं, स्वतःचे गुडघे दिसत नाहीत. डेल त्याच्या नव्या गाडीवर, मी त्या जुन्या धुडावर, लोखंडी स्कीवाल्या. मी इतका घाबरलो की हँडल घट्ट धरायचंही सुचलं नाही, हात नुसते टेकवून बसलो. आणि गाडी आपोआप उजवीकडे वळली, मग डावीकडे, मग बराच वेळ सरळ, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी येऊन थांबली. डेल पाऊण तासानं आला, पायी. ओढ्यात गेला होता. त्याच्या स्की म्हणजे तुझीच जोडी, फक्त काळी.

ताई, ताजं हिम वर पडतं, पण चर खाली कडक राहतात. लोखंडी स्की त्यात बसते. जी खोड घालवायला मी तुला स्की पाठवल्या, ती खोडच तुला घरी आणत होती. तू म्हणतेस मला डोळे आहेत. सहा वर्षांत किती वेळा काही दिसत नसताना आलीस, मोज. दर वेळी गाडी हँडल ओढायची, तू शिव्या घालायचीस आणि पोचायचीस.

आणि बाबा. मी सात-आठ वर्षांचा असेन. त्यांच्या पुढ्यात बसलो होतो, असाच पांढरा अंधार होता आणि मी रडत होतो. ते कानाशी म्हणाले, "हात ढिले सोड. हिला वाट ठाऊक आहे." मला वाटलं, पोराची समजूत काढतायत. त्यांनी ते कधी कुणाला समजावून सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं असेल, हे काय सांगायचं? आणि आपण कोंबड्यांवर हसत बसलो.

तोयवोकडून जुन्या स्की परत आण. घसरगाडी मोडली तरी चालेल. नुसत्या बसव, मापं नंतर बघू. तोवर जाऊ नकोस. आकाश कितीही निळं असलं तरी जाऊ नकोस. टपाल सडू दे.

मी टपाल कचेरीत फोन लावला होता, मार्लिस म्हणाली तू बेटांवर गेलीयेस. निरोप ठेवलाय.

आर्वो

—

टॅमरॅक लँडिंग
२९ जानेवारी १९९७

आर्वो,

निरोप मिळाला. मार्लिसनं सांगितला तो असा : "तुझा भाऊ म्हणतो, लाल बोटी काढ आणि घरी बस." मग तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं.

बाबांचं ते वाक्य मला माहीत नव्हतं. मला कधी पुढ्यात बसवलं नाही त्यांनी. मी मोठी, मला मागे बसायला लागायचं, गोण्यांवर.

तू म्हणतोस ते खरं असेल. पण तोयवोनं स्की मधोमध कापल्यात. घसरगाडीला चार पाय हवे होते, म्हणून त्यानं दोनाच्या चार केल्या. इतका अभिमानानं दाखवत होता की मी 'छान झालीय' म्हणून आले. नव्या लोखंडी आता कुणी बनवत नाही. रॅल्फच्या शेडमध्ये बघितलं, त्याच्या जुन्या स्कीना गंजून भोकं पडलीत.

आणि घरी बस म्हणतोस, ते कसं? तोयवोच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या येतात, एकदम जास्त देत नाहीत. इम्पी गोळ्यांची डबी खिडकीत ठेवते, उजेडात, म्हणजे किती उरल्यात ते जाता-येता दिसतं. ते बघून आल्यावर मी निळ्या आकाशाखाली घरी बसू? मी आकाश बघून जाते. नऊला निघते, बाराच्या आत परत. वारा दुपारी उठतो.

नरड्याभोवती बर्फावर काळे डाग वाढतायत, हे तुला सांगायला हवं. परवा बर्फ रात्रभर कण्हत होता. थंडीनं तडकतो तसा नाही, तो आवाज कोरडा असतो. हा ओला होता.

तुला खरंच काही करायचं असेल तर पत्रं लिहू नकोस. ये आणि दीड मैल झाडं लाव. कुऱ्हाड बाबांचीच आहे, दाराच्या मागे. मी भांडत नाहीये. सौना तापवून ठेवीन.

सायमा

—

टपाल कचेरी, टॅमरॅक लँडिंग
१२ फेब्रुवारी १९९७, बुधवार

सायमाताई,

मी तुझ्या गावात बसून तुलाच पत्र लिहितोय. मार्लिसनं कागद दिला. म्हणाली, "नुसता येरझारा घालू नकोस, फरशी झिजेल. काहीतरी कर." तिचं तोंड तसंच आहे. मी हे तुझ्या खणात टाकणार आहे, म्हणजे आल्यावर तुला आधी हेच मिळेल.

तुझं पत्र चार तारखेला मिळालं. पाचला काम सोडलं, पण पगार मिळून निघायला सोमवार उजाडला. डेलनं शिट्टी थांबवून माझा हात हातात घेतला. मग बस, मग दुसरी बस. हे सांगायलाच हवं, म्हणून सांगतो : मी कालच पोचायला हवा होतो. बिस्मार्कला एक माणूस भेटला. म्हणाला, नदीवर माझी मासेमारीची खोपटी आहे, आत चूल आहे, एक दिवस चल. आणि मी उतरलो. मासेही लागले नाहीत. एक दिवस काय, असं वाटलं. ताई, मला कधीच कळत नाही कुठला दिवस सोडायचा नसतो.

आज सकाळी पावणेदहाला बस चौकात थांबली. आकाश निळं होतं. अगदी तू म्हणतेस तसं. मार्लिस म्हणाली, "पाऊण तास झाला तिला जाऊन. गोळ्या आल्यात ना तोयवोच्या. बाराला येईल. कॉफी पी." मी कॉफी घेतली. तुझ्या दाराच्या मागून बाबांची कुऱ्हाड आणली. किनाऱ्यावरची फरची रोपं तोडायला लागलो, तुला आल्यावर दाखवायला. सहावं तोडत होतो तेव्हा वारा उलटला. ऊब आली आधी, गालाला लागली. मग तळं गेलं. पलीकडचा किनारा, बेटं, अकरा झाडं, सगळं एका मिनिटात पुसलं.

दहा वाजून चाळीस मिनिटं.

मी निघालो होतो. मार्लिसनं तिच्या नवऱ्याच्या गाडीची किल्ली ब्लाउजमध्ये घातली आणि म्हणाली, "काढून घे, हिंमत असेल तर." मग शेरीफच्या कचेरीला फोन केला. ते म्हणाले वारा पडल्याशिवाय बर्फावर कुणी जायचं नाही, तीनपर्यंत माणसं आणि दोर घेऊन येतो. बेटावर फोन नाही. मग मी कंबरेला दोर बांधला, मार्लिसच्या नवऱ्यानं टोक धरलं, आणि दोर जाईल तिथवर झाडं लावत गेलो. बावीस लागली. दर दहा पावलांवर एक. बाबांच्यापेक्षा जवळ जवळ. दोर संपला तिथे उभा राहून हाका मारल्या. आपला आवाजसुद्धा परत येत नाही त्यात.

मग परत येऊन बसलोय.

सगळे एकच म्हणतायत. मार्लिस म्हणते, तिचा नवरा म्हणतो, रॅल्फ कुबड्या घेऊन आला तोही म्हणतो : वारा सुटायच्या आत ती बेटावर पोचली असेल. नऊला निघाली, पंचवीस मिनिटांची वाट, सव्वा तास हातात होता. आता साल्मेलांच्या चुलीपाशी पाय पसरून बसली असेल आणि वारा पडायची वाट बघत पाव खात असेल. इम्पी तिला निघू देणार नाही. मीही तेच म्हणतोय. मी हिशेब दहा वेळा केला आणि दहाही वेळा तू पोचलीस. फक्त रॅल्फ एकदा म्हणाला, "तिकडे सव्वानवालाच खालून धुकं होतं. नरड्याच्या अंगाला." मार्लिसनं त्याच्याकडे असं बघितलं की तो कुबड्या सावरायला लागला.

धुकं असलं तरी तू थांबली असशील. मागच्या वेळी थांबलीस तशी.

अडीच वाजलेत. वारा पडतोय. खिडकीतून पहिली तीन झाडं दिसायला लागली, आता पाच. मी लावलेली. मार्लिस काच पुसतेय, बाहेरून पुसायला हवी तरी आतूनच पुसतेय. आता अकराही दिसतात. त्यांच्या पलीकडे काहीतरी काळं हललं.

कुणीतरी येतंय, ताई! झाडांच्या रांगेनंच येतंय, हळू. रॅल्फ म्हणतो गाडीचा आवाज नाही. बंद पडली असेल गाडी, तू चालत येत असशील. मार्लिस रडायला लागलीये आणि कॉफी ठेवतेय. मी बाहेर जाऊन आलो, हाक मारली, हात हलवला. त्या माणसानंही हात हलवला.

परत लिहितोय. माझ्या हातावर बर्फ आहे, शाई पसरेल.

इम्पी आलीये. एका पायानं बर्फ ढकलत, पुढे खुर्ची आणि मागे उभं राहायला पट्ट्या असलेल्या घसरगाडीवर, पाच मैल, एकटी. रॅल्फ म्हणतो, तीस वर्षांत ती हिवाळ्यात किनाऱ्यावर आली नाही. तिच्या पापण्या गोठल्यात. खुर्चीवर तोयवोच्या गोळ्यांची रिकामी डबी ठेवलीये. दारातच उभी आहे, आत येत नाहीये. तिनं आमच्या सगळ्यांच्या मागे बघितलं, कोपऱ्यात, बाकावर, आणि मग मला विचारलं :

"सायमा आजारी आहे का रे? आज टपाल का नाही आलं?"